उपदेशक ते समुपदेशक

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याला शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी दारूचा विषय निघाला की मराठी माणसाला सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे आजही आठवतात. रामलालचे नाव मात्र सहसा कोणी काढीत नाही. रामलाल हा सुधाकराचा सुशिक्षित, सज्जन आणि जिवाभावाचा मित्र. मित्राला सावरण्यात त्याने कसूर केली नाही. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती आणि हेतूत मळ नव्हता. तरीही सुधाकर बुडाला. तळीरामाजवळ निदान आर्य मदिरा मंडळ तरी होते. रामलालजवळ उपदेशाखेरीज काही नव्हते.

रामलालची ही भूमिका आम्हांस एकदा प्रत्यक्ष वठवावी लागली. पुष्कळ वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरी आमची नेमणूक असताना तेथील मराठी मंडळींत हिशेबाच्या कामात अत्यंत वाकबगार असे एक गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचे पिणे वाढले तेव्हा मंडळातील वडीलधाऱ्यांनी त्यांना समजाविले, वहिनींच्या डोळ्यांतील पाणी दाखविले, गणपतीपुढे शपथ घेवविली. शपथ तीन आठवडे टिकली. वरिष्ठ मोठे सहृदय होते. त्यांनी शेरा खराब न करता अण्णांची बदली करविली, आणि एक प्रकरण निकालात निघाल्याच्या समाधानात आम्ही सारे आपापल्या कामास लागलो. निघण्यापूर्वी अण्णा आम्हांस एवढेच म्हणाले, "तुम्ही कधी प्यालाच नाहीत. तुम्हांला मी काय सांगू?" पुढे दोन वर्षांत ते गेल्याची वार्ता आली.

त्या वाक्याचा आम्हांस तेव्हा राग आला होता. व्यसनाधीनांना साहाय्य करण्याची विद्या जगात कशी घडत गेली याचा इतिहास पुढे वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जवळजवळ दोनशे वर्षांचा तो सारा इतिहास अण्णांच्या त्या एका वाक्याभोवतीच फिरत आहे. या कामाचा अधिकार कोणाचा? जो त्या गर्तेतून वर आला त्याचा, की ज्याने शास्त्राचे अध्ययन केले त्याचा? आणि अनुभव हीच जर पात्रता असेल, तर प्रशिक्षण कशाचे द्यावयाचे?

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत होतो. १८४० च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोर शहरातील एका मद्यगृहात सहा मद्यपी एकत्र आले. त्यांनी आपसांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा केली आणि वॉशिंग्टनच्या नावाने संस्था काढली. त्यांच्या सभेत व्याख्यान नसे; एकेकाने उभे राहावे आणि आपण कसे बुडालो व कसे वर आलो ते सांगावे, एवढाच शिरस्ता. हजारो मद्यपी त्यांच्याकडे ओढले गेले. १८४२ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्ड येथे या संस्थेपुढे अब्राहम लिंकन यांचे भाषण झाले. लिंकन तेव्हा एक तरुण वकील होते. पूर्वीच्या मद्यनिषेधकांचे अपयश कशात होते याचे त्यांनी त्या भाषणात मार्मिक विवेचन केले. ते काम धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक यांच्या हाती होते. श्रोत्यांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटत नसे, आणि त्यांच्या निर्भर्त्सनेने माणूस जवळ येण्याऐवजी अधिकच दूर जाई. जो स्वतः त्या दुःखातून गेला आहे त्याच्या शब्दाला मात्र वेगळे बळ असते. अण्णांचे म्हणणे तेच होते.

परंतु या चळवळीचा बहर थोड्याच वर्षांत ओसरला. अनुभव होता, कळकळ होती. त्या अनुभवातून निघालेले ज्ञान पुढच्या माणसाच्या हाती देण्याची रीत मात्र कोणी बसविली नाही. शतकाच्या अखेरीस लेस्ली कीली नावाच्या डॉक्टराने इलिनॉय राज्यातील ड्वाइट या गावी सुवर्णयुक्त म्हणून गाजविलेल्या औषधाचा व्यवसाय मांडला आणि देशभर त्याच्या शाखा निघाल्या. औषधाचा बोलबाला फोल ठरला. तथापि त्याच्या संस्थांतील कित्येक डॉक्टर पूर्वी तेथेच रुग्ण म्हणून आलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बरा झालेला रुग्ण प्रथमच पगारपत्रकावर आला होता.

पुढील पाऊल बॉस्टनमध्ये पडले. तेथील इमॅन्युएल चर्चचे धर्मगुरू एल्वुड वूस्टर यांनी १९०६ साली वैद्यक, मानसशास्त्र आणि धर्म यांची सांगड घालून मनोरुग्णांसाठी व व्यसनाधीनांसाठी काम सुरू केले. त्यांच्याकडे मदतीसाठी आलेला कोर्टनी बेलर हा मद्यपी सावरला आणि काही काळाने त्याच संस्थेत इतरांवर उपचार करू लागला. तो ना डॉक्टर होता, ना धर्मगुरू. आजच्या अर्थाने ज्याला व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणता येईल असा हा बहुधा पहिला मनुष्य. आपली पद्धती सांगणारे त्याचे पुस्तक १९१९ साली निघाले. इकडे सुधाकराची शोकांतिका रंगभूमीवर आली तेच हे वर्ष! बेलरचा शिष्य रिचर्ड पीबडी याने ही पद्धती अधिक रेखीव केली आणि १९३१ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. गुरूने शिष्याला शिकवावे आणि शिष्याने ते लिहून ठेवावे, अशी परंपरा आता कोठे सुरू झाली होती.

इतक्यात एक विलक्षण घटना घडली. १९३५ च्या मे महिन्यात ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील मनुष्य आणि डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य यांची गाठ पडली. दोघेही मद्यपी. विल्सनने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती आणि ती पुन्हा हाती येईल या भयाने तो बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधीत होता. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना जन्मली. ज्याला आपण मदत करतो त्याच्याइतकीच आपल्यालाही त्या मदतीची गरज असते, हे तिचे मूलतत्त्व. तळीरामाच्या मंडळाला उत्तर देणारे मंडळ अखेर निघाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या ज्या टाउन्स रुग्णालयात विल्सनवर उपचार झाले होते, त्याच्या मालकाने त्याला पगारी उपचारकाची जागा देऊ केली. विल्सन त्या वेळी कफल्लक होता आणि नोकरीने त्याचे घर सावरणार होते. त्याने ही वार्ता आनंदाने सोबत्यांना सांगितली, परंतु सोबत्यांनी मान हलविली. जे आपण परस्परांना स्नेहाने देतो ते विकावयाचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. विल्सनने ती जागा नाकारली. १९५० साली संघटनेने आपल्या बारा परंपरा अधिकृतपणे स्वीकारल्या, त्यांत हे काम सदैव बिनव्यावसायिक राहील असे एक कलम आहे. अनुभव अमूल्य खरा, पण त्याचे मोल घेतले की तो विटतो, अशी ही भूमिका होती.

याच्या अगदी उलट बाजूने येल विद्यापीठ निघाले. तेथे ई. एम. जेलिनेक यांच्या नेतृत्वाखाली मद्यविषयक अध्ययनाचे केंद्र उभे राहिले आणि १९४३ पासून उन्हाळी वर्ग सुरू झाले. धर्मोपदेशक, शिक्षक, समाजसेवक आणि सरकारी अधिकारी एका बाकावर बसून शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या अंगाने दारूचा विचार शिकू लागले. आता एका बाजूस मोबदला न घेणारा अनुभव होता आणि दुसऱ्या बाजूस अनुभवाची अट न घालणारे शास्त्र. दोहोंची गाठ कोण घालणार?

ती गाठ कोणा तत्त्वज्ञाने घातली नाही. ती एका सरकारी कार्यालयात पडली. आमच्या वाचकांस ही कथा विशेष जवळची वाटावी. मिनेसोटा राज्यातील विल्मर या गावी मद्यपींसाठी सरकारी रुग्णालय होते. १९५० साली डॉ. नेल्सन ब्रॅडली त्याचे अधीक्षक झाले आणि डॅनियल अँडरसन हे तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर आले. या दोघांनी तेथील कुलुपे काढविली आणि रुग्णांपुढे व्याख्याने व चर्चा सुरू केल्या. त्यांना आणखी एक गोष्ट पटली : रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारा मनुष्य तेथे पूर्णवेळ हवा, आणि असा मनुष्य म्हणजे बरा झालेला मद्यपीच. पण सरकारी रुग्णालयात माणूस घ्यावयाचा तर मंजूर पद हवे, पदनाम हवे, पात्रता हवी. वाचकांपैकी ज्यांनी एखादे नवे पद निर्माण करविण्यासाठी प्रस्ताव लिहिले आहेत, त्यांस या वाटेवरील काटे सांगावयास नकोत. अखेर १९५४ साली राज्याच्या नागरी सेवेत 'मद्यासक्तीविषयक समुपदेशक' हे पद निर्माण झाले. अटी साध्या होत्या : शालेय शिक्षण पूर्ण झालेले असावे आणि उमेदवाराने दोन वर्षे मद्याला स्पर्श केलेला नसावा.

या अटीवर क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. आपल्याकडे १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील २२ वा नियम मादक पेयांविषयी आहे. कर्तव्यावर असताना कर्मचारी नशेत नसावा, हे तो सांगतो. नियम योग्यच आहे, कारण शिस्तीवाचून कार्यालय चालत नाही. परंतु व्यसनी मनुष्य त्या नियमाच्या दृष्टीस पडतो तो केवळ अपराधी म्हणून. विल्मरमध्ये सरकारच्याच दप्तरात, सरकारी भाषेतच, माणसाचा पूर्वीचा अधःपात आणि त्यावर त्याने मिळविलेला जय यांची नोंद पात्रतेच्या रकान्यात झाली. लिंकन यांनी भाषणात जे सांगितले त्याचे बारा दशकांच्या आत सेवानियमात रूपांतर झाले!

विल्मरमध्ये हा समुपदेशक एकटा नव्हता. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि धर्मगुरू यांच्यासह तो एका टेबलाभोवती बसे. आरंभी पदवीधरांनी नाके मुरडली, यात नवल नाही. तथापि रोजच्या सहवासात दोन्ही बाजूंस शिक्षण मिळू लागले. डॉक्टरांना मद्यप्याच्या सबबींचे व्याकरण कळू लागले आणि समुपदेशकाला हे कळू लागले की आपण ज्या वाटेने सुटलो तीच एकमेव वाट नव्हे. व्यसनमुक्तीच्या कामातील खरे प्रशिक्षण येथे सुरू झाले, असे आम्ही मानतो. अँडरसन १९६१ साली हेझल्डन या खाजगी संस्थेचे प्रमुख झाले आणि विल्मरची रीत तेथून जगभर पसरली.

पुढची मजल राजकारणाने मारली. हॅरल्ड ह्यूझ हे आयोवा राज्याचे गव्हर्नर आणि पुढे सिनेटर. ते स्वतः एकेकाळी मद्यपी होते आणि तसे उघड सांगत असत. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९७० च्या अखेरच्या दिवशी मंजूर झाला. केंद्र सरकारचा पैसा आला, गावोगाव केंद्रे निघाली आणि समुपदेशकांची मागणी एकाएकी वाढली. तेव्हा प्रश्न उभा राहिला : दोन वर्षे न पिणे एवढ्याने माणूस दुसऱ्याचा जीव हाती घेण्यास पात्र होतो काय?

या प्रश्नाचे भयंकर उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले होते. चार्ल्स डेडरिक या पूर्वाश्रमीच्या मद्यप्याने १९५८ साली सिनॅनॉन ही संस्था काढली. हेरॉइनच्या व्यसनींना बरे करणारी संस्था म्हणून तिचा डंका वाजला. तेथे माणसाला मध्ये बसवून सर्वांनी त्याच्यावर शब्दांचे आसूड ओढावयाचे, हाच उपचार. डेडरिकला विचारणारा कोणी नव्हता. त्याचा अनुभव हेच शास्त्र ठरले. शेवटी ती संस्था एक पंथ बनली, आणि १९७८ साली तिच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत तिच्या माणसांनी विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. अनुभवाला लगाम नसला म्हणजे तो किती आडरानात जातो, याचे हे उदाहरण.

म्हणून समुपदेशकांच्या स्वतःच्या संघटना झाल्या आणि परीक्षा व प्रमाणपत्रे आली. १९८१ साली राज्याराज्यांच्या प्रमाणपत्रांत मेळ घालणारे मंडळ स्थापन झाले. समुपदेशकाच्या कामाची बारा अंगे ठरली. व्यसनाची छाननी, रुग्णास दाखल करून घेणे, त्याची पूर्ण पाहणी, उपचाराची आखणी, प्रत्यक्ष समुपदेशन, आणीबाणीचा प्रसंग हाताळणे, योग्य ठिकाणी पाठविणे, सहकाऱ्यांशी विचारविनिमय ही त्यांतील काही. 'नोंदी व अहवाल' हेही त्यांत एक स्वतंत्र अंग आहे, हे वाचून आमच्या वाचकांस थोडे समाधान वाटेल! या सर्वांहून महत्त्वाचा नियम म्हणजे नवशिक्याने जाणत्याच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम करावे हा. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरावयास शिकतो, तशीच ही गोष्ट आहे.

शास्त्राच्या बाजूनेही एक धडा मिळाला. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास असे दाखविले की एकच पद्धती वापरणाऱ्या उपचारकांतही ज्याच्या ठायी रुग्णाविषयी सहानुभूती अधिक, त्याचे रुग्ण अधिक सुधारतात. पुढे नॉर्वेतील बर्गन येथे तरुण मानसशास्त्रज्ञांपुढे तो आपल्या रीतीचे प्रात्यक्षिक दाखवीत असता ते त्याला मधेच थांबवून विचारू लागले : हाच प्रश्न का विचारलात? येथे गप्प का राहिलात? त्यांना उत्तरे देता देता त्याला आपलीच पद्धती उलगडली. १९८३ साली त्याने ती लिहून काढली. दारू सोडण्याची कारणे समुपदेशकाने सांगावयाची नाहीत. ती रुग्णाच्या तोंडून निघावीत अशा बेताने ऐकावयाचे, हे तिचे सार. सहानुभूती ही देवाची देणगी आहे असे आपण समजतो, पण ऐकण्याची कला सरावाने शिकता येते, हे या कामाने दाखविले. न पिणाऱ्यालाही अण्णांच्या वाक्याचे उत्तर येथे सापडते. "तुम्हांला मी काय सांगू?" हा अण्णांचा प्रश्न होता, आम्ही त्यांस 'सांगा' म्हणून गप्प बसलो असतो, तर कदाचित त्यांनी सांगितलेही असते.

हा प्रवाह आपल्या देशात कसा आला? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा १९५७ साली मुंबईत सुरू झाल्या. त्या वेळी त्या राज्यात दारूबंदीचा कायदा होता, ही गंमत नव्हे तर बंदीने व्यसन संपत नाही याचीच साक्ष. प्रशिक्षित उपचाराचा पाया मात्र मद्रासेत घातला गेला. श्रीमती शांती रंगनाथन यांचे पती टी. टी. रंगनाथन ऐन तारुण्यात मद्यापायी गेले. अशा मरणाची वाच्यता घराण्याने करू नये असा लोकांचा दंडक. शांतीबाईंनी तो मोडला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या या बाई हेझल्डन येथे जाऊन शिकून आल्या आणि १९८० साली त्यांनी पतीच्या नावाने संस्था उभी केली. अण्णांच्या अर्थाने त्या कधी प्यालेल्या नव्हत्या. पण सिंधूच्या जागी त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या अनुभवाला त्यांनी विद्येची जोड दिली. देशातील कितीतरी समुपदेशक त्या संस्थेत तयार झाले. १९९२ साली शासनाने शांतीबाईंस पद्मश्री दिली.

पुण्यात १९८६ च्या ऑगस्टमध्ये 'मुक्तांगण' निघाले. अनिल अवचट यांनी 'गर्द'वर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू केले. तेथे बरा झालेला रुग्णच पुढे कार्यकर्ता आणि समुपदेशक होतो. विल्मरची वाट येरवड्यापर्यंत येऊन पोहोचली ती अशी.

केंद्र सरकारनेही या विद्येची दखल घेतली. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेत १९९८ साली प्रशिक्षणासाठी वेगळा विभाग निघाला. अनुदानित केंद्रांच्या निकषांत पदवीधर समुपदेशकाबरोबरच स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या साक्षर माणसासाठीही जागा ठेविली गेली. मिनेसोटाच्या त्या पात्रतेच्या रकान्याशी तिचे नाते वाचकांनी ओळखले असेलच. तथापि गरजेच्या मानाने हे फार अपुरे आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी लोक आढळले, आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत अवघ्या एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसून आले. उरलेल्या ३७ जणांच्या वाट्याला काय येत असेल? बहुधा जे अण्णांच्या वाट्याला आले तेच : उपदेश, शपथ आणि बदली.

या इतिहासाचे तात्पर्य आमच्या मते असे. अनुभव हा या विद्येचा कच्चा माल आहे. देखरेख, अध्ययन आणि आत्मपरीक्षण यांच्या मुशीतून गेल्यावाचून त्याचे सोने होत नाही. उलट ज्या शास्त्राने त्या अनुभवाला आपल्या टेबलाशी बसवून घेतले नाही, ते रामलालच्या उपदेशाइतकेच वांझ राहिले. आपल्या भाषेने 'उपदेश' या शब्दाला 'सम्' हा उपसर्ग लावून 'समुपदेशक' घडविला. या 'सम्'मध्ये आम्हांस तरी 'सह' ऐकू येते. व्याकरणकारांनी हवे तर आम्हांस दोष द्यावा.

आपण सारे घरापासून दूर नोकरी करणारे लोक आहोत. परमुलखातील एकटेपणा, क्लबातील संध्याकाळ आणि बदलीच्या गावातील अनोळखी घर यांची आपणांस सवय असते. आपल्यापैकी प्रत्येकाने एखादे अण्णा पाहिलेले असतात. त्यांच्या सेवापुस्तकावर डाग पडू नये म्हणून आपण त्यांची बदली करवितो आणि त्यास उपकार समजतो. जवळच्या शहरात एखादा शिकलेला समुपदेशक आहे काय, एवढी चौकशी त्या दिवशी आम्ही केली असती, तर अण्णा वाचलेच असते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु बदलीच्या कागदावर सही घेण्यास आम्ही जेवढे श्रम घेतले, तेवढ्या श्रमात ती चौकशी खास झाली असती.